५४ व्या वर्षी आखाडा

परवा पुण्याहून ताईचा फोन आला. बाबांची तब्येत, पाऊस, मंदिरातली गर्दी, सगळी नेहमीची चौकशी झाली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "मी ऐकलं ते खरं आहे का रे? तू म्हणे कुस्ती खेळतोस?"

म्हटलं, "खेळत नाही गं, शिकतोय."

"या वयात? बाबांना माहीत आहे?"

त्याच आठवड्यात अकोल्याच्या काकांनी हाच प्रश्न विचारला, नागपूरच्या मावशीने "तुला गुडघे नकोत का?" असं विचारलं, आणि एका जुन्या मित्राने तर थेट "बायकोशी भांडण झालंय का?" असं विचारून टाकलं. तेव्हा ठरवलं की प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकावं. तर मंडळी, बातमी खरी आहे. गेल्या वर्षीच्या श्रावणापासून मी आठवड्यातून चार दिवस पहाटे शेगावातल्या एका जुन्या व्यायामशाळेत जातो, लंगोट बांधतो आणि माझ्या मुलापेक्षाही लहान पोरांकडून आपटून घेतो.

का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

गेल्या आषाढातली गोष्ट. रात्रीचे तीन वाजले असतील. न्हाणीच्या दारात धप्पकन आवाज झाला. धावत गेलो तर बाबा फरशीवर. एक पाय दुमडलेला, पाठ भिंतीला, आणि चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा शरमच जास्त. बाबांचं वय आता ८३. वजन जेमतेम ५८ किलो. मी काय केलं असेल? जे आपण सगळेच करतो तेच. मागून काखेत हात घातले आणि ओढलं. बाबा कळवळले. मी आणखी जोर लावला, माझ्या कमरेत चमक भरली, आणि आम्ही दोघंही त्या ओल्या फरशीवर बसलो. मी त्यांना उचलू शकलो नाही. माझ्या बापाला, ५८ किलोच्या!

सौ.ने शेजारच्या पोराला हाक मारली. विशीतला पोरगा, पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे आखाड्यात जातो. तो आला आणि पहिल्यांदा उचलायला गेलाच नाही. बाबांच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसला. "आजोबा, कुठी दुखते? पाय हालवून पाहा बरं." पाय हलले. कमरेला हात लावून पाहिलं. मग तो गुडघ्यावर आला, बाबांच्या छातीला छाती लावली, कमरेभोवती मिठी घातली, "श्वास सोडा आजोबा" म्हणाला, आणि दुसऱ्या क्षणी बाबा उभे होते. जाताना मला हळूच म्हणाला, "काका, हातानं नाई उचलाचं. कमरेनं उचलाचं."

सकाळी डॉक्टरांना दाखवलं. गजाननाची कृपा, हाड मोडलं नव्हतं. पण घरी आल्यावर बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोराले कायले बोलावलं राज्या?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल, की बाबा तरुणपणी कुस्ती खेळायचे. मलाही लहानपणी ते माहीत होतं ते फक्त त्यांच्या कानावरून. त्यांचा डावा कान मोडलेला आहे. कुस्तीत कान घासून, दाबून आत रक्त साकळतं, ते वेळेवर काढलं नाही तर तिथे कडक गाठ होते आणि पाकळीचा आकार कायमचा जातो. बाबांचा कान वाळलेल्या अंजिरासारखा. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून तो चिमटीत धरायचो आणि झोपी जायचो. पण मला त्यांनी आखाड्याची पायरी कधी चढू दिली नाही. नागपंचमीच्या कुस्त्या बघायला नेत, खांद्यावर बसवून नेत, पण मी "मीही जाऊ?" म्हटलं की एकच वाक्य, "मातीनं पोट भरत नाई. अभ्यास कर." मी अभ्यास केला. तीस वर्षं खुर्चीत बसून आकडेमोड केली. पोट भरलं आणि वाढलंही.

तर त्या रात्रीनंतर महिनाभराने मी शेजारच्या पोराबरोबर आखाड्यात गेलो. घरी सांगितलं, मॉर्निंग वॉकला जातो.

वस्ताद माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "साहेब, बीपी?" म्हटलं, गोळी चालू आहे. "शुगर?" काठावर. "मग आधी डॉक्टरची चिठ्ठी आणा." मला वाटलं टाळतायत. नव्हते टाळत. मी ईसीजी काढला, पळवून बघायची ती ट्रेडमिलची तपासणी केली. डॉक्टर हसले, पण एक गोष्ट निक्षून सांगितली: जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. श्वास धरून ताकद लावली की रक्तदाब झटकन चढतो. वस्तादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमी पोरायले हेच सांगतो. दम कोंडला की कुस्ती गेली."

चिठ्ठी दिली तरी कुस्ती काही मिळाली नाही. हातात फावडं मिळालं.

पहिले दोन महिने मी फक्त माती उकरली. तुम्हाला वाटेल आखाड्याची माती म्हणजे कुठलीही लाल माती आणून टाकायची. तसं नाही. माती चाळून खडा न् खडा काढायचा. मग तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबाचा रस, कापूर घालून मुरवायची. आणि रोज पहाटे ती पुन्हा खणायची, कारण आदल्या दिवशीच्या अंगांनी ती दाबून घट्ट झालेली असते. घट्ट मातीवर पडलं की हाड मोडतं, भुसभुशीत मातीवर पडलं तर फक्त अंग मळतं. म्हणजे जो पडणार आहे त्याच्यासाठी आधी कोणीतरी उठून अंथरूण घालून ठेवायचं, असा हा सगळा मामला. आणि बहुतेक वेळा घालणारा आणि पडणारा एकच. माझ्या बाबतीत तर नक्कीच. :-)

फावड्याने पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड आले. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी पाठ वाकवून खणत होतो तो आता गुडघे वाकवून खणतोय. कोणी शिकवलं नव्हतं, कमरेने तक्रार केली म्हणून शरीराने आपापलंच बदललं. मग वस्तादांनी बैठका दिल्या. पहिल्या दिवशी पंधरा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मी कठडा धरून आडवा उतरलो. जोर तर एकही धड निघेना. शेजारी आठवीतली पोरं शंभर-शंभर काढत होती आणि मधेच माझ्याकडे बघून "काका, होऊन जाईन" म्हणून धीर देत होती. चौथ्या महिन्यात वीस जोर आणि साठ बैठका. यात अभिमानाचं काही नाही हे मला माहीत आहे. तरी आकडा लिहून ठेवतो.

अंग असं तयार होत आल्यावर, दिवाळी उलटल्यावर, वस्तादांनी पहिल्यांदा लढतीला उभं केलं. समोर चौदा वर्षांचा पोरगा, ४५ किलो. मी त्याच्यापेक्षा ३० किलोंनी जड. सलामी झाली. मला वाटलं, आपण नुसते उभे राहिलो तरी हा काय करणार? त्याने माझं मनगट धरलं, मी हात सोडवायला मागे ओढला, आणि त्याला तेच हवं होतं. माझ्याच ओढीबरोबर तो आत शिरला, एक पाय माझ्या हातात होता असं मला वाटत होतं तो प्रत्यक्षात माझा त्याच्या हातात होता. एकेरी पट. पुढच्या क्षणाला मला आखाड्याच्या टिनाच्या छपराची भोकं दिसत होती. "आस्मान दाखवणं" म्हणतात ते हेच, हे भाषेचं ज्ञान मला ५४ व्या वर्षी झालं.

लाज वाटली का? वाटली. पण एक वेगळीच गोष्टही जाणवली, ती प्रामाणिकपणे लिहितो. आपण पन्नाशीला येतो तोवर आपल्याला कोणी पाडेनासं होतं. ऑफिसात "सर" म्हणतात, घरात ताट आधी वाढतात, लग्नात खुर्ची देतात. बोलण्यात हरलो तरी विषय बदलता येतो. मातीत विषय बदलता येत नाही. पाठ लागली म्हणजे लागली. आणि पाडणारा पोरगाच हात पुढे करून उठवतो, पाया पडतो आणि म्हणतो, "काका, पुन्हा?"

पडायचं कसं हे मग वस्तादांनी वेगळं शिकवलं. हनुवटी छातीला, हात मागे टेकवायचा नाही (मनगट मोडतं), अंग गोल ठेवायचं, श्वास सोडायचा. बंगळूरचा भाचा म्हणाला, "मामा, जुदोमध्ये पहिला धडा हाच असतो." त्याने मग मला सगळी वंशावळच सांगितली. जपानमध्ये १८८२ साली जिगोरो कानो यांनी जुदोची कोदोकान ही शाळा काढली, त्यांच्या शाळेतले माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, आणि तिथे त्यातून ब्राझिलियन जुजुत्सू तयार झालं. भाचा बंगळूरला तेच शिकतो. त्यानेच मला अँथनी बोर्डेनची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेतला प्रसिद्ध शेफ आणि लेखक, २०१८ मध्ये गेला. त्याने वयाची पंचावन्न उलटल्यावर जुजुत्सू शिकायला घेतलं आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेत आपल्या वयोगटात सुवर्णपदकही मिळवलं. शिवाय कुस्तीतही जगभरच्या ज्येष्ठांच्या स्पर्धा होतात, त्यातला प्रवेश पस्तिशीपासून सुरू होतो. म्हणजे मी काही अगदीच जगावेगळं करत नाहीये. मावशी, वाचताय ना?

जुजुत्सूत एक सोय मला फार आवडली. समोरच्याची पकड असह्य झाली की दोनदा हाताने थोपटायचं, तो लगेच सोडतो. त्यात कमीपणा नाही, उलट न थोपटणाऱ्यालाच मूर्ख समजतात. आमच्या मातीत तशी सोय ठरलेली नाही, पण वस्तादांनी माझ्यासाठी ती चालू केली आहे. मी मातीवर हात आपटला की पोरं सोडतात. एकदा मी फुशारकीत हात आपटला नाही. बरगडीला मार बसला. तीन आठवडे शिंकायचीही भीती. सौ.ला सांगितलं, वॉक करताना घसरलो.

पण बाबांपासून काही लपलं नव्हतं.

बरगडीच्या त्या दिवसांतच एका सकाळी त्यांना चहा द्यायला गेलो. त्यांनी कप घेतला नाही, माझं मनगट धरलं. त्या पकडीत अजून काय आहे ते तेव्हा कळलं. म्हणाले, "काहून रे, तुया अंगाले हळदीचा वास येऊन रायला इतके दिवस झाले."

मी गप्प.

"कोणत्या आखाड्यात जातं?"

सांगितलं. मला वाटलं आता रागावतील. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माती कोण उकरते?"

"मीच."

"मंग ठीक हाये."

त्या दिवसापासून रोज सकाळी मी आलो की ते विचारतात, आज काय झालं. मी सांगतो, ते खाटेवर बसल्या बसल्या चूक काढतात. एके दिवशी माझा पंजा हातात घेऊन दाखवलं, मनगट धरताना अंगठा कुठे ठेवायचा. तोंडाने फार कमी बोलतात पण हातांना सगळं आठवतं. धोबीपछाड, ढाक, कलाजंग, टांग ही नावं ते घेतात तेव्हा त्यांच्या आवाजात काही वेगळंच येतं. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले तेव्हा बाबा सतरा वर्षांचे. १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी सुरू झाली तेव्हा एकोणीस. या नावांनी ते दिवस त्यांच्या डोक्यात अजून ताजे आहेत. मी वाचलेलं काहीबाही त्यांना सांगतो. आपल्या वऱ्हाडातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन देशी व्यायाम दाखवून आली, ते सांगितलं तर म्हणाले, "हे आमाले वस्ताद सांगत."

एकदा खाशाबा जाधवांचा विषय निघाला. गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी बाबांना सांगत होतो की खाशाबांना पाठवायला पैसे नव्हते, वर्गणी काढावी लागली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी तर आपलं घर गहाण ठेवलं. बाबा एकदम म्हणाले, "माया माईनं पाटल्या इकल्या."

ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. ताई, तूही नसशील ऐकलेली. म्हणून इथे लिहितोय.

पैलवानाला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम. घरची कोरडवाहू शेती, कापूस आला तर आला. आजीने बाबांच्या खुराकासाठी आधी म्हैस घेतली, मग हातातल्या सोन्याच्या पाटल्या विकल्या. आजोबांना ते महिनाभर कळलंही नाही. एका जत्रेच्या दंगलीत बाबांचा खांदा निखळला. तो हंगाम शेतात हात चालला नाही. त्या वर्षी आत्याचं ठरलेलं लग्न पुढे ढकलावं लागलं, कारण अंगावर घालायला सोनं नव्हतं. बाबांनी लंगोट खुंटीला टांगला तो कायमचा.

"मातीनं मले नाई फसवलं," बाबा म्हणाले. "म्या माईच्या पाटल्या खाल्ल्या. तुले काय खाऊ घालणार होतो?"

म्हणजे चाळीस वर्षं मला वाटत होतं की त्यांना कुस्ती आवडत नाही. त्यांना भीती वाटत होती, की मला आवडली तर?

या सगळ्यात शेगावचा माणूस हरी पाटलाला विसरेल कसा? दासगणूंच्या पोथीतली गोष्ट घरोघर माहीत आहे, पण बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. पाटलांच्या घरातला हरी पाटील कसलेला पैलवान. तो गजानन महाराजांशी कुस्ती करायला निघाला. महाराज आखाड्यात जाऊन बसले आणि म्हणाले, मला जागेवरून उठव. हरीने होते नव्हते ते सगळे डाव लावले, घामाघूम झाला, महाराज जागचे हलले नाहीत. लहानपणी पारायणात हे ऐकताना मी कायम महाराजांच्या बाजूने असायचो. त्या आषाढातल्या रात्रीपासून मात्र मला हरी पाटीलच आठवतो. सगळी ताकद लावूनही बसलेला माणूस उठत नाही, तेव्हा हाताला काय वाटतं ते मला माहीत आहे.

आता शेवटची गोष्ट.

या जानेवारीत, थंडीचे दिवस, दुपारची वेळ. सौ. बाजारात गेली होती. मी बाहेरच्या खोलीत, आणि आतून तोच आवाज. बाबा खाटेपाशी खाली. मी धावलो आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा काळजी नव्हती आली. आलं ते असं, की आता दाखवतो. एवढे महिने माती उकरली ती याचसाठी. गुडघ्यावर आलो, छातीला छाती लावायला वाकलो...

बाबांनी पंजा माझ्या छातीवर ठेवला. "उचलू नको. खाली ये."

मी खाली बसलो. त्यांच्या शेजारी, फरशीवर. आधी विचारलं कुठे दुखतं. पाय हलवून पाहिले, कमरेला हात लावून पाहिला. दुखत नव्हतं. बाबा म्हणाले, "दम घेऊ दे." आम्ही दोघं पाचेक मिनिटं तसेच बसून होतो. खिडकीतून ऊन येत होतं. मग बाबा सावकाश कुशीवर वळले. कोपर टेकलं. कोपरावरून हातावर. मग दुसरा हात, मग गुडघे. दोन हात, दोन गुडघे, मान वर.

आणि मला दिसलं की हे मी रोज सकाळी बघतो. कुस्तीत खाली आलेला पैलवान असाच असतो. पाठ लागू न देता पालथा, हातागुडघ्यांवर, आणि तिथून उठायची वाट शोधत. पहिल्या पडण्यानंतर फिजिओथेरपीच्या ताईंनी आम्हाला अगदी हेच शिकवलं होतं: पडलेल्या माणसाला ओढू नका, हाड मोडल्याची शंका असेल तर हलवूही नका, मदत बोलवा. दुखत नसेल तर कुशीवर वळवा, हातागुडघ्यांवर येऊ द्या, समोर भक्कम खुर्ची ठेवा, एक पाऊल पुढे टाकायला लावा, तुम्ही फक्त कमरेला आधार द्या. मी ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं. सहा महिने रोज वाचत होतो. कळलं आत्ता.

मी खुर्ची ओढली. बाबांनी त्यावर दोन्ही हात ठेवले. मी त्यांच्या बाजूला माझं अंग लावलं, कंबर कमरेला, त्यांच्यापेक्षा थोडं खाली. त्यांचा मोडका कान माझ्या गालाला लागला होता. तसाच कडक, तसाच गार. त्यांनी उजवं पाऊल पुढे टाकलं, मी म्हटलं "श्वास सोडा", आणि आम्ही उठलो. किती वजन माझ्यावर आलं असेल? दहा किलो? पंधरा? बाकीचं सगळं ते स्वतः उठले.

खाटेवर बसल्यावर मला वाटलं आता काहीतरी म्हणतील. म्हणाले, "तुवा डावा पाय उशिरा टाकला. समोरचा जागा असता तं तू गेला असता." आणि मग, "चहा ठेव."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि गॅससमोर उभा राहून जरा वेळ... असो.

मी आखाड्यात गेलो तो बापाला उचलता यावं म्हणून. उचलण्याचा प्रसंग अजून आला नाही. येईलही कदाचित, वय कोणाला चुकलंय. पण त्या दिवशी त्यांना माझी ताकद नको होती. मी खाली येऊन बसावं एवढंच हवं होतं. पहिल्या रात्री मी वरूनच हात घातला होता. तो शेजारचा पोरगा आधी फरशीवर बसला होता, हे मी बघितलं होतं, पण माझ्या लक्षात राहिलं ते फक्त त्याचं उचलणं.

हे वाचून कोणी उद्या उठून आखाड्यात जावं असं मी म्हणणार नाही. पन्नाशीनंतर जायचंच असेल तर आधी डॉक्टर, मग असा वस्ताद जो तुम्हाला दोन महिने लढू देणार नाही. लगेच मातीत उतरवणारा भेटला तर परत फिरा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर आखाडा राहू द्या, पण त्या कुशीवर वळण्याची तालीम एकदा त्यांच्याबरोबर करून ठेवा, ती पडलेली नसताना. स्वतःही जमिनीवर बसा आणि हात न टेकता उठून पाहा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उठलोच नव्हतो.

त्या चौदा वर्षांच्या पोराने आज सकाळी मला पुन्हा चीत केलं. घरी येऊन सांगितलं तर बाबांनी विचारलं, "कोणता डाव?" म्हटलं, तोच एकेरी पट. बाबांनी कपाळावर हात मारला. मग खाटेवरून माझा हात ओढून मला समोर बसवलं आणि पट काढणाऱ्याची मान कशी दाबायची ते दाखवायला लागले. त्यात चहा गार झाला.

ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बाबांना माहीत आहे. रोज रात्री झोपण्याआधी तेच आठवण करतात, "जाय, लवकर झोप. सकायी माती उकराची हाये."